नकाशावरची राखाडी घरं

माझ्याच आवाजात मला फोन आला तेव्हा मी बीडमध्ये, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. पलीकडून मीच म्हणत होते, "नमस्कार. आपल्या गावाच्या वरच्या भागात जोरदार पाऊस झाला आहे. पुढील तीन ते चार तासांत नदीचे पाणी आपल्या घरापर्यंत येण्याची शक्यता आहे. कृपया उंच जागी जा."

हा निरोप मी उन्हाळ्यात लॅबचं दार लावून नऊ वेळा रेकॉर्ड केला होता. सर म्हणाले होते, स्पष्ट बोल, घाई करू नको. म्हणून मी पुस्तकात असतं तसं बोलले होते. आमच्या घरात असं कोणी बोलत नाही.

या दिवसाबद्दल मी एका सभेत बोलले आहे, पण सगळं बोलता आलं नाही. म्हणून लिहून बघते.

आमचं गाव धारूरच्या डोंगराखाली आहे. डोंगरातून येणारी नदी गावाला वळसा घालून जाते आणि त्या वळणाच्या आतल्या बाजूला, सगळ्यात सखल जागी, आमची खालची गल्ली. गल्लीच्या तोंडाशी विहार आहे. त्याला सात पायऱ्या. गल्लीतले लोक पुराची गोष्ट सांगतात ती पायऱ्यांत सांगतात. "माझ्या लग्नाच्या साली तिसरीला लागलं हुतं," असं माय म्हणते. पाचवीच्या वर पाणी गेलेलं कोणी पाहिलेलं नव्हतं.

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाचा ट्रॅक्टर गल्लीत येतो, माणसं, भांडी, शेळ्या, ताडपत्री सगळं त्यात चढतं आणि गल्ली कर्नाटकात निघून जाते. परत येते ती चैत्रात, कधी वैशाखात. नवरा-बायकोची एक जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. कॉम्प्युटरचं शिकते म्हटल्यावर गावात मला मॅडम म्हणू लागले. त्यात निम्मी थट्टा असायची.

दुसऱ्या वर्षी आमच्या सरांनी एक प्रकल्प घेतला. उपग्रहाच्या चित्रांवरून पुराचं पाणी कुठवर येतं ते कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायचं, आणि डोंगरात पाऊस झाला की ज्यांच्या घरात पाणी शिरू शकतं त्यांना आपोआप फोन जाईल अशी सोय करायची. सरांनी विचारलं, कोणाच्या गावाला नदी आहे? मी हात वर करू की नको असं करत होते, तोवर शेजारच्या मुलीनेच माझा हात वर केला.

काम वाटतं तेवढं मोठं नव्हतं, पण चिकाटीचं होतं. रडारचा उपग्रह ढगांतूनही बघतो. त्याची लहर खडबडीत जमिनीवरून, झाडांवरून, घरांवरून परत येते. संथ पाण्यावरून ती पुढे निसटून जाते, परत येत नाही. म्हणून चित्रात पाणी काळं दिसतं. पण डांबरी रस्ताही काळाच दिसतो. तेव्हा मी महिना-दीड महिना रोज दोन तास जुन्या चित्रांतल्या काळ्या तुकड्यांवर रंग भरत होते. हे पाणी. हे पाणी नाही. हे पाणी. कॉम्प्युटर माझं बघून शिकत होता. मला त्याची जबाबदारी वाटायची. मी चुकले तर तो तसाच चुकणार.

मग दुसरी पायरी. साध्या रंगीत उपग्रह-चित्रावरून कॉम्प्युटरने गावातली छपरं शोधून काढली. आमच्या गल्लीत त्याने चौदा छपरं दाखवली. आता प्रत्येक छपरापाशी जाऊन तिथे खरंच घर आहे का, कोणी राहतं का, त्यांचा फोन नंबर काय, हे मोबाईलमधल्या फॉर्मवर भरायचं होतं. सरांनी निघताना सांगितलं, "एक लक्षात ठेव. अंदाजाने काही भरायचं नाही. जे डोळ्यांना दिसतं तेवढंच."

हे वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते वहीत लिहून ठेवलं.

संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी मी गावाला गेले. वरची आळी, पुलापलीकडची वस्ती, सगळं करत तिसऱ्या प्रहरी खालच्या गल्लीत आले. गल्लीत कोणी नव्हतं. म्हणजे एक म्हातारा होता. त्यांना सगळे तात्या म्हणतात. उसाचा फड सोडून त्यांना बरीच वर्षं झाली, गुडघे गेले आहेत, एकटेच असतात. विहाराच्या पायरीवर उन्हाला बसले होते. त्यांच्या कमरेच्या करदोट्याला चाव्यांचा जुडगा होता. हंगामात सगळ्या गल्लीच्या चाव्या तात्यांकडे असतात. कोणाच्या घरात मांजर कोंडलं, कोणाचा पत्रा उडाला, ते तेच बघतात.

"काय गं, मोबाईलात काय बघत फिरायलीस?"

"सर्वे आहे तात्या. पुराचा."

"आता संक्रांतीला कसला पूर?"

"पावसाळ्यासाठी आहे. आधीच तयारी."

"मंग पावसाळ्यात ये की. आता काय, कुलपांचा सर्वे करतीस?"

मी हसले. ते गंमत करत होते असं मला वाटलं.

चौदा छपरांपैकी एक विहार निघाला. एक छप्पर म्हणजे निळी ताडपत्री टाकलेली कडब्याची गंज होती. कॉम्प्युटर तिला घर समजला होता. ती चूक सापडल्यावर मला फार हुशारी वाटली. मी 'घर नाही' असं भरलं. उरली बारा. तात्यांचं घर, तिथे 'वस्ती आहे'. आमचं घर. त्यालाही कुलूपच होतं, पण चावी मी सकाळीच तात्यांकडून घेतली होती, रात्री तिथे झोपणार होते. तिथे 'वस्ती आहे', आणि फोन नंबर म्हणून मी माझा टाकला. वडिलांचं सिम दर हंगामात बदलतं आणि मायचा फोन चार्जिंगला लावला की दिवसभर तिथेच राहतो.

राहिली दहा घरं. दहा कुलपं. फॉर्मवर दोनच पर्याय होते, 'वस्ती आहे' आणि 'वस्ती नाही'.

मी पहिल्या कुलपापुढे बराच वेळ उभी राहिले, हे मला आठवतं. त्या घरात मी लहानपणी जेवलेली आहे. तात्या तिकडून म्हणाले, "चाव्या हायत माझ्याकडं. उघडून दावू का?"

"नको तात्या. बाहेरून दिसतं तेवढंच भरायचंय."

आणि मी दहा वेळा 'वस्ती नाही' दाबलं. 'नाही' दाबलं की फोन नंबरचा रकाना आपोआप निघून जात होता. त्यामुळे ती दहा घरं पटकन झाली.

उन्हाळ्यात नकाशा तयार झाला. पाणी आलं तर धोका असलेली घरं लाल, त्याहून कमी धोका असला तर पिवळी, आणि वस्ती नसलेली राखाडी. पुलापलीकडची सहा घरं लाल आली. आमच्या गल्लीत दोन लाल ठिपके आणि बाकी राखाडी. मी तो नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहिते. मला बरं वाटलं. वाटलं, आपली गल्ली फारशी धोक्यात नाही.

नकाशा आणि यादी ग्रामपंचायतीत दिली. सरपंचांनी भिंतीला लावली. आषाढात एकदा चाचणी म्हणून फोन गेले. पाणी काही आलं नाही. चाचणी होती हे आम्ही आधी सांगितलं होतं, तरी पुलापलीकडचे लोक दोन दिवस हसत होते. तात्यांनाही फोन गेला होता. ते मला म्हणाले, "कोन बाई हुती, नमस्कार नमस्कार करायली. कंपनीची आसंल म्हनून म्या कट केलं. लई गोड बोलत हुती, तवाच मला शंका आली."

"तात्या, मीच होते ती."

"तू? तू तसं कवा बोलतीस?"

तर भाद्रपदातला तो दिवस. बीडमध्ये ढगाळ होतं, पाऊस नव्हता. फोन ठेवल्यावर मी आधी उत्साहाने सरांना म्हणाले, "सर, मला आला फोन. चालतंय." सर खुर्ची ओढून स्क्रीनपुढे बसले. डोंगराच्या वरच्या अंगाला पहाटेपासून पाऊस कोसळत होता, उपग्रहाच्या दर अर्ध्या तासाच्या आकड्यांत तो चढत चालला होता. कॉम्प्युटरने पाणी पाचव्या पायरीपर्यंत येईल असं दाखवलं होतं. म्हणजे तो पायऱ्या जाणत नाही, तो मीटरमध्ये सांगतो. पायऱ्यांचं मी मनात केलं.

सरांनी कोणाकोणाला फोन पोचले ती यादी उघडली. मी वाचत गेले. वरची आळी. पुलापलीकडची सहा. मग खालची गल्ली. दोन नंबर. एक तात्यांचा, पुढे लिहिलेलं, 'चार सेकंदांत बंद केला'. दुसरा माझा. माझ्या नंबरापुढे लिहिलेलं होतं, 'निरोप पूर्ण ऐकला'.

मी सरांना म्हणाले, "सर, आमच्या गल्लीत कोणालाच फोन गेला नाही."

"दोनच घरं आहेत ना तिथे?"

"बारा आहेत सर. चैत्रात सगळे परत आलेत."

सर म्हणाले, घरी फोन लाव. त्यांना समजलं असावं, किंवा मी आधीच रडायला लागेन असं वाटलं असावं.

मायला फोन लावला. वाजत राहिला. भिंतीवरच्या खुंटीला लटकलेला तो फोन मला दिसत होता. वडिलांचा लागलाच नाही, रिचार्ज संपलं होतं. तात्यांनी निरोप कट करून फोनच बंद ठेवला होता. ग्रामपंचायतीच्या शिपायाला सरांनी फोन केला. तो म्हणाला, "निघालोय साहेब, पुलापलीकडं. यादीत लाल घरं तिकडंच जास्ती हायत. ती झाली की खालच्या गल्लीत दोन घरं हायत, ती करतो." सर म्हणाले, आधी खालच्या गल्लीत जा. तो म्हणाला, मी पूल ओलांडला. मग आवाज तुटला.

म्हणजे गावात पायी फिरून सांगणारा एकच माणूस होता आणि त्याला मी पलीकडे पाठवलं होतं.

गल्लीतल्या दुसऱ्या कोणाचा नंबर माझ्याकडे नव्हता. हे लिहितानाही लाज वाटते. सगळ्यांची घरं पाठ होती, पण कधी फोन करायची वेळच आली नव्हती. भिंतीला भिंत आहे, हाक मारली की झालं. मग मला मुकादम आठवले. त्यांच्याकडे प्रत्येक कोयत्याचा नंबर असतो, नवा-जुना, बायकोचा वेगळा, सासरवाडीचासुद्धा. हंगामात माणूस हरवून चालत नाही. ते राहतात वरच्या आळीत. त्यांचा नंबर माझ्याकडे होता कारण मायशी बोलायचं तर हंगामभर त्यांच्याच फोनवर बोलावं लागायचं.

मला त्यांची भीती वाटायची. लहानपणापासून. त्यांनी मला कधी काही वाईट म्हटलेलं नाही, पण त्यांचा आवाज मोठा.

"कोन?"

"मामा, मी खालच्या गल्लीतली. कॉलेजवाली."

"हां, कॉम्प्युटर मॅडम. बोला."

"मामा, नदीला पाणी येतंय. लई येतंय. तीन तासांत गल्लीत शिरंल."

"हितं तर लख्ख ऊन पडलंय. तू कुठं हायस?"

"बीडला."

"बीडला बसून हितली नदी बघायलीस?"

"वरून दिसतंय मामा. उपग्रहातून. डोंगरात पहाटंपासून पडतोय."

"मंग माझा कापूसबी दिसत आसंल. फवारनी करू का नको, त्येवढं इचारून सांग."

मागे कोणीतरी हसलं. मग मी म्हणाले, "मामा, माझी चूक झालीय. सर्वे केला तवा सगळे फडावर हुते. मी कुलपं बघून घरं रिकामी लिवली. म्हणून गल्लीत कुणालाच फोन गेला न्हाई. सगळ्यांचे नंबर तुमच्याकडंच हायत."

मागचं हसणं थांबलं.

"रिकामी लिवलीस?"

"हो."

"तुझं घरबी?"

"माझं नाही."

मग म्हणाले, "किती कोयते हायत म्हणतीस?"

"अकरा. आणि तात्या."

"अकरा न्हाई, बारा. चैतात एकाचं लगीन झालं, त्यानं मागच्या बाजूला पत्र्याची खोली उभी केलीय. आन पानी आलंच न्हाई तर?"

"तर माझं नाव सांगा."

"तुझं नाव सांगून काय करू? शिव्या मला खाव्या लागतील. दसऱ्याला ही मानसं माझ्याच ट्रॅक्टरवर चढनार हायत." एवढं बोलून म्हणाले, "बरं. ठेव."

पुढचं मी पाहिलेलं नाही. मायने, तात्यांनी आणि आणखी चौघांनी सांगितलं, प्रत्येकाने थोडं वेगळं. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. मुकादमांनी कोणाला फोन केला नाही. नंबर होते, पण ते म्हणाले, बारा ठिकानी समजावत कोन बसनार. ते ट्रॅक्टरला दोन्ही ट्रॉल्या जोडून गल्लीत घेऊन आले आणि विहारापाशी उभं राहून हॉर्न दिला. दसऱ्यानंतर निघायच्या दिवशी देतात तसा, लांब, तीन वेळा.

गल्लीतला माणूस तो हॉर्न ऐकला की आत काय करत असेल ते टाकून बाहेर येतो. सगळे आले. शेतात गेलेल्या बायका बांधावरून पळत आल्या. माय म्हणाली, "कावून ओ मुकादम, दसऱ्याला तर टाइम हाय."

"पानी येतंय. गाडी लागली म्हनून समजा. पोरं, शेळ्या, कागदं, भांडी. बाकी ऱ्हाऊ द्या."

"कुनी सांगितलं?"

"तुमच्याच पोरीनं."

माय म्हणते, त्यावर कोणी काही बोललं नाही. मला वाटतं बोलले असतील. पण निघाले, हे खरं. आमच्या लोकांना घर कसं आवरायचं ते कोणी शिकवायला लागत नाही. दरवर्षी एका तासात सहा महिन्यांचा संसार ट्रॉलीत बसवतात. काय आधी चढवायचं, शेळ्या कुठल्या बाजूला बांधायच्या, पीठ कशात गुंडाळायचं, सगळं हाताला ठाऊक. कोणी भांडलं नाही, कोणी हे घेऊ का ते घेऊ केलं नाही. नव्या लग्नातली मुलगी तेवढी तिचं कपाट न्यायचं म्हणून बसली होती. तिला मायने दंडाला धरून उठवलं. ती अजून एकाही हंगामाला गेलेली नव्हती, तिला सवय नव्हती.

तात्या येत नव्हते. म्हणाले, "म्या पायऱ्या मोजत बसतो. पाचवीच्या वर कवा गेलंय का पानी?"

मुकादम म्हणाले, "तुमी मोजा तात्या, पर शाळंतून मोजा," आणि दोघांनी त्यांना बाजेसकट उचलून ट्रॉलीत ठेवलं. शाळा गावात सगळ्यात उंचावर आहे.

साडेबाराला मुकादमांचा फोन आला. "लिहून घे. बारा कोयते, पोरं धरून. शेळ्या एकवीस. म्हातारा एक. शाळंत हायत. ऊन हाय अजून." आणि फोन ठेवला.

त्यानंतरचे दोन तास मला सांगता येणार नाहीत असं वाटत होतं, पण सांगते. मी स्क्रीनपुढे बसले होते. गावात ऊन. नदी नेहमीसारखी. माणसं शाळेच्या ओट्यावर बसून माझी वाट बघत होती, म्हणजे माझ्या पाण्याची. सभेत मी म्हणाले होते की मला त्या वेळी फार काळजी वाटत होती. खरं असं आहे की पाणी यावं असं मला वाटत होतं. आलं नाही तर पुढच्या वेळी कोणी उठणार नाही, मुकादमांना शिव्या बसतील, माय मान खाली घालेल, हे सगळं मी मोजत होते. आमच्याच घरात पाणी शिरावं अशी वाट बघत मी बसले होते. सरांनी दोनदा चहा मागवला. दोन्ही वेळा तो निवला.

अडीचच्या पुढे पाणी आलं. मायने शाळेतून दुसऱ्याच्या फोनवरून फोन केला. आधी नुसता लोकांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "आलं गं. लाल भडक हाय." एवढंच म्हणाली. मागे तात्या मोठ्याने मोजत होते. शाळेच्या ओट्यावरून विहार दिसतो. "चार... चारवर गेलं... पाच."

पाणी सहाव्या पायरीला लागून थांबलं. संध्याकाळी उतरायला लागलं. दोन घरांच्या भिंती पडल्या. नव्या जोडप्याची पत्र्याची खोली कपाटासकट गेली. चार कोंबड्या, आमचं दीड पोतं गहू. पुलापलीकडच्या सहा लाल घरांत पाणी अंगणापर्यंत येऊन परत गेलं.

मी दुसऱ्या दिवशी रस्ता सुरू झाल्यावर गेले. गल्लीत गुडघाभर गाळ होता, सगळे पाट्या घेऊन उपसत होते. मीही पाटी घेतली. कोणी मला शाबास म्हटलं नाही आणि कोणी बोलही लावला नाही, मला वाटलं बरं झालं. दुपारी भाकरी खाताना माय म्हणाली, "मुकादम म्हणत हुता, तू घरं रिकामी लिवलीस."

"हो."

"कावून गं? आमी ऱ्हात न्हाई का हितं?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. मी म्हणाले, फॉर्मात तसंच होतं. ती म्हणाली, "फारम तर तुझ्याच हातात हुता," आणि कांदा फोडून माझ्या भाकरीवर ठेवला.

त्या आठवड्यात उपग्रहाचं नवं चित्र आलं. तोवर पाणी बरंच उतरलं होतं, तरी खोलगट भागात साचलेलं दिसत होतं. सरांनी गाळाच्या खुणा आणि ते चित्र एकत्र ठेवून पाहिलं. आम्ही आधी काढलेली पाण्याची कड आणि खरी कड जवळजवळ एकमेकींवर बसल्या. एका पायरीचा फरक. सरांना आनंद झाला. होण्यासारखंच होतं. मी रंगवलेल्या सगळ्या तुकड्यांचं चीज झालं होतं. मी त्या काळ्या पट्ट्याखालचे दहा राखाडी ठिपके बघत होते. अकरावी, ती पत्र्याची खोली, तर नकाशात नव्हतीच.

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी सभा झाली, अधिकारी होते. सरांनी मला बोलायला सांगितलं. मी चूक सांगितली. एका अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "पण तुमचेच आईवडील ऊसतोडीला जातात ना? मग तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" मी "सॉरी सर" म्हणाले आणि बसले.

उत्तर नंतर एसटीत सुचलं. लक्षात आलं होतं. पहिल्या कुलपापुढे उभी होते तेव्हाच आलं होतं. पण लहानपणापासून मी बघत आले होते की हंगामात कोणीही कागद घेऊन गल्लीत आलं की कुलपं बघून पुढे जातं. डोस पाजणाऱ्या बाई असोत की मतदारयादीवाले. शाळेच्या हजेरीत आमच्या नावापुढे चार-चार महिने एकच खूण असायची. मला तेव्हा त्याचा राग यायचा. आणि कागद माझ्या हातात आला तेव्हा मला वाटलं, नीट काम करणं म्हणजे असंच असतं.

सरांनी फॉर्म बदलला. आता त्यात 'हंगामी' असा तिसरा पर्याय आहे, कधी असतात आणि कधी नसतात ते लिहायला जागा आहे, आणि कुलूप असलं तरी फोन नंबर भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. निरोप मी पुन्हा रेकॉर्ड केला. या वेळी तात्यांना समोर बसवून. तो आता असा सुरू होतो, "मी खालच्या गल्लीतली कॉलेजवाली बोलतेय, फोन ठिवू नका." नंबर मुकादमांनी दिले. एकेक वाचून दाखवला, आणि मी लिहिते की नाही ते बघत राहिले.

दसऱ्यानंतर मी मुद्दाम गावाला गेले. ट्रॅक्टर विहारापाशी उभा होता. या वेळी ज्यांच्या भिंती पडल्या होत्या त्यांचं सामान कमी होतं. एकेक घर कुलूप लावत होतं, चावी तात्यांकडे देत होतं, आणि मी मोबाईलवर एकेक ठिपका हंगामी करत होते. राखाडी नाही, निळा.

मायने आमचं कुलूप ओढून बघितलं. "आता काय लिवलंस?"

"हंगामी. चैत्रापर्यंत फडावर."

"आन तिकडं फडावर पानी आलं तर? तिकडचा नकाशा कुनाकडं हाय?"

माझ्याकडे नव्हता. मी तसं सांगितलं. ती ट्रॉलीत चढली. मुकादम हँडल धरून हे ऐकत होते.

आठ दिवसांनी लॅबमध्ये असताना माझ्या फोनवर त्यांचं लोकेशन आलं. कर्नाटकातली एक जागा. मागोमाग त्यांचा आवाज, "मॅडम, हितं उतरलोय. कोप्या घातल्यात. नदी लई जवळ हाय, ह्या बाजूला बघून ठिव."

मी ती जागा उपग्रहाच्या चित्रात उघडली. नदीच्या काठाला नुसता हिरवा ऊस होता. चित्र जुनं होतं आणि पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, एका दिवसात उभ्या राहतात, कॉम्प्युटरला तिथे एकही छप्पर सापडलं नाही. मी मुकादमांना फोन करून विचारलं, कोप्या कुठल्या बाजूने सुरू होतात, शेवटची कुठे. ते सांगत गेले. मी हाताने बारा ठिपके ठेवले.